घाश्याचा कबुलीजबाब

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक संपत आलेलं असतं. मृदंग चढलेला असतो. ज्याच्या परवान्याशिवाय पुण्यात रात्री कोणाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, तो कोतवाल आता मुंडण करून, धिंड काढून जमावापुढे सोडून दिलेला आहे. दगड दिसत नाहीत. त्याचं अंग तेवढं दिसतं, ठोक्याठोक्याला वाकणारं आणि पुन्हा ताठ होणारं. तो ओरडतो आहे, पण दया मागत नाही. मारा, म्हणतो. तुमच्या छाताडावर नाचलो ते नाचलो, पण पोटच्या पोरीचा जन्म मी मातीत घातला, त्याची शिक्षा मला झालीच पाहिजे, अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणत राहतो.

इथे माझ्या पोटात कालवतं. प्रयोग पाहताना कालवतं आणि संहिता वाचतानाही. हा माणूस दोन अंकभर काय करत आला आहे हे मी विसरलेली नसते. निरपराधाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवलेला मी पाहिलेला असतो. तरीही तो पडतो तेव्हा मला बरं वाटत नाही. हे का होतं, याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे, आणि जे उत्तर सगळे देतात ते मला पटत नाही.

सगळे सांगतात ते असं, की त्याच्यावर आधी अन्याय झाला होता. समाजानेच त्याला तसा केला.

अन्याय झाला होता हे खरंच आहे. घाशीराम सावळदास हा कनौजचा ब्राह्मण, नशीब काढायला पुण्यात आलेला. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, गुलाबीकडे पडेल ते काम करतो, तिच्या नाचाला साथ देतो. नाना फडणवीस तिथे येतो, नाचायच्या भरात त्याचा पाय मुरगळतो, आणि घाशीराम तो पाय आपल्या पाठीवर झेलतो. खूश झालेला नाना गळ्यातला हार काढून त्याला देतो. नाना निघून जातो न जातो तोच गुलाबी हार मागते, तो देत नाही म्हटल्यावर माणसं घालून हिसकावते आणि त्याला दाराबाहेर काढते. मग तो दक्षिणेच्या आशेने रमण्यावर जातो. पर्वतीच्या पायथ्याच्या त्या रमण्यात पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. त्या गर्दीत कोणाचे तरी पैसे जातात. चोर कोण? जो ओळखीचा नाही तो. मार, कोठडी, आणि शेवटी शहराबाहेर हकालपट्टी. पुन्हा इथे पाऊल टाकशील तर याद राख, अशी ताकीद.

तिथे तो पुण्याला शाप देतो. मी परत येईन, तुम्ही मला जनावर केलंत, आता या शहरात डुकरांचं राज्य आणून दाखवतो, असा.

हा प्रवेश मला आवडतो, त्यातला राग मला कळतो, पण खरं सांगायचं तर इथे माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. तेंडुलकरांनी येऊ दिलेलं नाही. अपमान झाला आणि लगेच सूड ठरला, मधे श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. घाशीराम रडत बसला असता, उपाशी हिंडला असता, लेकीला कुशीत घेऊन झोपला असता, तर आपण त्याचे झालो असतो. नाटककाराने ती सवलत त्याला दिली नाही, आणि आपल्यालाही दिली नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दुःखात आपण सामील होण्याआधीच तो आपल्यासमोर सौदा करायला उभा राहतो.

सौदा कशाचा, ते सगळ्यांना माहीत आहे. गणपतीपुढे एक पोर आली आहे आणि नानाची नजर तिच्यावर पडली आहे. तो जवळ सरकतो. ती अंग चोरते, आणि म्हणते की तो बघेल. तो म्हणजे गणपती. नानाचं उत्तर ऐकून मी प्रत्येक वेळी गोठते. याला तर दोन बायका, एक या बाजूला, एक त्या बाजूला, तो कशाला काय म्हणेल! पोरगी निसटते. ती हवीच असा नानाला ध्यास लागतो, आणि तेव्हा पुण्याच्या कोतवालीच्या बदल्यात जो माणूस ती आणून द्यायचं कबूल करतो, तो तिचा बाप असतो. ललिता गौरी ही घाशीरामची मुलगी.

त्या सौद्यानंतर तो आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, वळतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो की बघा, माझी लाडकी लेक मी लांडग्याच्या तोंडात दिली. या बापाकडे बघा. आपण काय करतो आहोत हे माहीत नसलेले खलनायक नाटकांत पुष्कळ असतात. हा पूर्ण जाणतो. जाणतो, बोलून दाखवतो, आणि तरीही करतो. नाटकातला हा त्याचा पहिला कबुलीजबाब, आणि तो काही कामाचा नाही, कारण त्यात शिक्षेची मागणी नाही. स्वतःची घाण आपल्याला दाखवून तो मोकळा होतो आणि कामाला लागतो. शेवटच्या ओरडण्याशी हे ताडून पाहिलं की दोहोंतला फरक मला दर वेळी नव्याने बोचतो. तेव्हा त्याने आपल्याला साक्षीदार केलं होतं. शेवटी तो समोरच्यांकडे न्याय मागतो, आणि समोर न्याय द्यायच्या लायकीचं कोणी उरलेलं नसतं.

कोतवालीच्या हुकमावर सही केल्यानंतरचं नानाचं स्वगत तर मराठी रंगभूमीवरच्या अतिशय थंड बोलण्यांपैकी एक असेल. आपल्या बंदुकीत दोन गोळ्या आहेत, असं तो मनाशी म्हणतो. एकीने तुझी पोरगी टिपू, दुसरीने पुणं नाचवू. तू परका, म्हणून कोणाचा तुला आधार नाही, आणि म्हणूनच तू आमच्या उपयोगाचा. पापं आमची, पण ती पडतील तुझ्या खात्यावर. या स्वगतात आवाज चढत नाही. नाना कोणाचा द्वेष करत नाही. घाशीरामचाही नाही. मोहन आगाशे यांचा नाना ज्यांनी पाहिला त्यांना त्याचा तो लाडिक, मिजासखोर चेहरा विसरता येत नाही, आणि हे स्वगत त्याच चेहऱ्यातून येतं म्हणून अंगावर येतं. रमेश टिळेकरांचा घाशीराम त्याच्यासमोर जितका जळत जातो तितका हा थंड होत जातो.

इथून पुढे घाशीराम राज्य करतो. रात्री बाहेर पडायला परवाना लागतो. कोणी सुईणीला बोलवायला निघालं तरी कोतवालाची माणसं आडवी येतात. घराघरात शिरून झडत्या. मग चोरीच्या आरोपावरून धरलेल्या एका ब्राह्मणाला दिव्य करायला लावतात. दिव्य हा त्या काळच्या न्यायातला खराच प्रकार होता, तापलेलं लोखंड हातावर पेलून निर्दोष असल्याचं दाखवायचं. नाटकात तो माणूस नको नको म्हणत मागे सरतो आणि त्याचे हात धरून गोळा टेकवला जातो. तोवर मी बावनखणीच्या प्रवेशांना हसलेली असते. रात्री कीर्तनाला चाललो सांगून बावनखणीकडे वळणाऱ्या ब्राह्मणांना हसलेली असते, कारण ते प्रवेश खरंच हसवतात. त्या गोळ्यानंतर मला हसता येत नाही, आणि आधी ज्यांना हसले त्यांच्यातलाच हा एक आहे हे लक्षात येतं. घाशीरामचा सूड कोणावर निघतो? ज्याने हार हिसकावला, ज्याने चोर ठरवला, ज्याने मुलगी घेतली, त्यांच्यापैकी नानाला तर त्याचा धक्काही लागत नाही.

आणि हे सगळं चालू असताना मागे ते बारा जण असतात. रांगेत उभे, धोतर-पगडीतले, गणपतीचं गाणं म्हणणारे, आम्ही पुण्याचे बामण म्हणून डुलणारे. कोकणातल्या खेळ्यांची, दशावताराची आठवण देणारी ही माणसांची भिंत या नाटकाचा खरा शोध आहे असं मी मानते. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचाली यांनी ती भिंत जिवंत झाली. ती पाठ फिरवते तेव्हा तिच्याआड काहीतरी घडत असतं. ती तोंड फिरवते तेव्हा आपल्याला ते दिसतं, आणि ज्यांनी लपवलं तेच भक्तिभावाने गात असतात. राधाकृष्ण हरी म्हणणारे गळे तेच, लावणी म्हणणारे तेच. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला तेव्हापासून ही भिंत प्रेक्षकांसमोर आहे, आणि अजून तिच्यात एखादी जागा रिकामी असल्यासारखं मला वाटतं. मी त्या रांगेत कुठे उभी राहिले असते हे मला माहीत आहे. बहुतेक मधोमध, जिथून फार काही दिसत नाही आणि गाणं मात्र नीट म्हणता येतं.

माझ्या आत्याला हे नाटक आवडत नसे. ती सदाशिव पेठेत वाढलेली, आणि तिच्या मनातले नाना फडणवीस निराळे होते. 1761च्या पानिपतातून जिवंत परतलेले, बारभाईंच्या कारस्थानात पेशवाई सावरणारे, 1800 साली ते गेले आणि मागे दौलतीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, असे. वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आणि घाट आहे. मला तिथे पहिल्यांदा तिनेच नेलं. त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून ती म्हणाली होती, "एवढं करून ठेवलं त्या माणसाने, आणि तुम्ही त्याला बावनखणीत नाचवता."

तिचं दुखणं मी हसण्यावारी नेलं नाही, आजही नेत नाही. पुण्यात अनेकांना तेच वाटलं होतं. एकोणीस प्रयोगांनंतर ज्या संस्थेने नाटक केलं तिनेच ते थांबवलं, कलाकार मंडळी बाहेर पडली, 1973मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी उभी केली आणि 1974च्या जानेवारीत नाटक पुन्हा सुरू झालं. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात होता, 1791 साली त्याच्या कैदेत ब्राह्मण गुदमरून मेले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचलं, एवढा इतिहासाचा धागा नाटकाने उचलला. घाशीराम घडवणारी सत्ता कुठल्याही काळात, कुठल्याही गावात असते, हे त्यांना दाखवायचं होतं. मला ते पटतं. पण नानाच्या जागी कोणतंही नाव चाललं असतं असं मात्र मी आत्याला कधी म्हटलं नाही, कारण ते नाव नसतं तर पुणं एवढं दचकलं नसतं. दचकणं हा त्या नाटकाचा भाग आहे.

आत्याशी वाद घालताना मी एकदा घाशीरामची बाजू घेतली. म्हटलं, त्याचा शेवट बघ, कसा जीव तुटतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा जीव त्या घाश्यासाठी तुटतो होय? आणि ती पोर? तिचं कोणी विचारलं का?"

मग मी गौरीची वाक्यं शोधायला संहिता पुन्हा उघडली. हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. मला जावं लागेल, उशीर होतोय, तो बघेल. त्यानंतर ती भिंतीआड जाते. तिचं पुढे काय झालं हे आपल्याला दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळतं.

मराठी रंगभूमीने मुलगी विकणारा बाप याआधीही पाहिला होता. देवलांच्या 'शारदा'त, 1899 साली. कांचनभट पैशासाठी आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. पण शारदेला मैत्रीण आहे, चिडवणारी गाणी आहेत, रागावणारी आई आहे, आणि अगदी जीव द्यायची वेळ येते तेव्हा तिला वाचवणारा कोदंड आहे. वर-वधू एकाच गोत्राचे निघतात आणि लग्न मोडतं. तिच्या दुःखाला स्वतःचा आवाज आहे, म्हणून कांचनभटाबद्दल विचार करायची आपल्याला गरजच पडत नाही. लोभी बाप म्हणून तो संपतो. 'घाशीराम'मध्ये हिशेब उलटा झाला आहे. मुलीला आवाज नाही, म्हणून तिच्या वाटची कणव आपण तिच्या बापाला देऊन बसतो. ती गेल्याचं कळल्यावर रडतो तो. शेवटी तिचं नाव घेऊन ओरडतो तो. तिचं मरणही त्याच्या दुःखाच्या कामी येतं.

आत्याने भाजी निवडता निवडता हे दाखवलं आणि माझ्या डोक्यातलं नाटक हललं. मी तिला हे पुढे कधी सांगितलं नाही, तिला त्यात फारसं विशेष वाटलं नसतं.

गौरीसाठी स्थळ बघायचं घाशीरामच्या मनात असतानाच ती सापडेनाशी होते. मग चंद्रा सुईणीकडून त्याला कळतं. पोटात नानाचं मूल असताना ती गेली, आणि गुपचूप पुरून टाकली. तो नानासमोर येतो. या एका क्षणी तो काहीही करू शकतो. त्याच्या हातात शहर आहे, शिपाई आहेत, समोर एकटा घाबरलेला म्हातारा आहे. आणि नाना त्याला कीर्तनकाराच्या सुरात समजावतो. कोण कोणाची मुलगी, कोण कोणाचा बाप, देहाचं काय घेऊन बसलास, ईश्वरी इच्छा, तू आपलं कर्तव्य कर. घाशीराम ऐकतो. हात खाली येतो. आणि तो कोतवालीवर परत जातो.

त्याच्या सगळ्या कृत्यांत मला हे सर्वांत काळं वाटतं. मुलगी दिली तेव्हा, कोणी म्हणू शकेल, अपमानाने तो आंधळा झाला होता. काय होईल याची त्याला खोल कल्पना नव्हती, असंही कोणी म्हणेल. आता तर सगळं समोर आहे. मुलगी मेली आहे, मारणारा समोर आहे, आणि त्याला खुर्ची सोडवत नाही. त्यानंतर तो पुण्यावर अधिकच तुटून पडतो. दुःखाने माणूस मऊ होतो असं आपण समजतो. याच्या दुःखाला नानाकडे जायची वाट बंद झाली, म्हणून ते खालच्या सगळ्यांवर ओतलं गेलं. ज्यांच्या हाती थोडी सत्ता असते आणि डोक्यावर मोठी सत्ता असते, अशा माणसांच्या घरी, कचेरीत, शाळेत हे मी पाहिलेलं आहे. वरच्याकडून झालेला घाव वर परत जात नाही.

मग ते तेलंगी ब्राह्मण येतात. दक्षिणेतून पुण्याला आलेले, दक्षिणेच्याच आशेने, भुकेलेले. कोतवालाच्या बागेतली फळं तोडतात. धरले जातात, एका लहानशा खोलीत कोंडले जातात, आणि सकाळपर्यंत त्यांतले बरेच गुदमरून मेलेले असतात.

हे कोण आहेत? परप्रांतातून आलेले ब्राह्मण, पुण्यात ओळखदेख नसलेले, पोटासाठी आलेले, चोर ठरवून कोठडीत टाकलेले. पहिल्या अंकातला घाशीराम अगदी असाच होता. रमण्यावर मार खाल्लेला तो माणूस पुन्हा त्याच्या दारात आला होता, एकटा नाही, घोळक्याने, आणि त्याने त्याला ओळखलं नाही. नाटकात हे कोणी बोलून दाखवत नाही. मला वाटतं तेंडुलकरांचा सगळ्यात कठोर घाव इथे आहे, आणि तो इतक्या सहज मारलेला आहे की प्रयोगाच्या धबडग्यात तो निसटून जातो. संहितेत दोन्ही प्रवेश शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला तो दिसला.

आणि चिडतं कोण? पुण्याचे ब्राह्मण. ज्यांनी स्वतः एका उपऱ्याला चोर म्हणून बडवलं होतं, ते आता मेलेल्या उपऱ्यांच्या नावाने नानाच्या वाड्यावर चालून जातात. हे तेलंगी जिवंत असते आणि यांच्याच बागेतलं एखादं फळ त्यांनी तोडलं असतं, तर काय झालं असतं ते आपल्याला माहीत आहे. तरी जमावाचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कोतवालाच्या छळाने ते खरोखर पिचलेले आहेत. माणसं खऱ्या दुःखाने चालून येतात आणि आपला वाटा सोयीने विसरतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. नाना क्षणभर घाबरतो, मग ओळखतो की दुसऱ्या गोळीचं काम आता झालं आहे. ज्या हाताने नेमणुकीवर सही केली त्याच हाताने तो घाशीरामच्या मरणावर सही करतो.

आता शेवटच्या ओरडण्याकडे परत. त्या क्षणी रंगमंचावर किती अपराधी आहेत ते पाहा. नाना आहे. हार हिसकावणारी गुलाबी आहे. रमण्यावर मारणारे आहेत. रात्रीच्या रात्री बावनखणीत घालवणारे आहेत. भिंत होऊन पाठ फिरवणारे बाराही आहेत. सगळ्या नाटकात 'मी केलं, मला शिक्षा करा' असं म्हणणारा एकच निघतो, आणि तो खलनायक आहे. माझ्या पोटात कालवतं ते या एकटेपणामुळे, असं मला आता वाटतं. त्याच्यावर अन्याय झाला म्हणून ते होत नाही. अन्याय अनेकांवर होतो आणि ते तापलेले गोळे हातात घेऊन फिरत नाहीत. खरं बोलायची पाळी आली तेव्हा ते बोलायला अख्ख्या शहरातून हाच एक सापडला, हे मला सहन होत नाही.

आणि तरी त्याचं ते खरं अर्धंच आहे. छाताडावर नाचलो, असं तो जमावाला म्हणतो खरा, पण त्याचा जीव त्यात नाही. ज्याचे हात भाजले त्याची तो माफी मागत नाही. गुदमरून मेलेल्या तेलंगींची आठवणही त्याला होत नाही. त्याच्या लेखी एकच खून झाला आहे, स्वतःच्या घरातला. हे आपल्यातल्या पुष्कळांना जमतं तेवढंच आहे, आपल्या रक्ताच्या माणसापुरतं जागं होणं. म्हणूनच त्याचा आक्रोश मला ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच मी त्याला पूर्ण माफ करू शकत नाही. माझी कणव त्याच्यापर्यंत जाते आणि तिथे थांबत नाही. ती त्या ब्राह्मणाच्या हातांकडे जाते, मग कोंडलेल्या खोलीकडे, मग नदीकाठच्या की कुठल्या त्या पुरलेल्या जागेकडे. तशी ती जावी म्हणूनच नाटककाराने खलनायकाला एवढं बोलू दिलं असावं.

घाशीराम पडल्यावर नाना पुढे येतो. पुणेकरांनो, एक मोठं संकट टळलं, असं सांगतो. रोग आटोक्यात आला, ईश्वराची इच्छा. मग हुकूम सुटतात. प्रेत असंच सडू द्यावं, कुत्र्या-लांडग्यांनी खावं. कोणी उचलायला जाईल तर शिक्षा. त्याचे नातलग शोधून, बांधून शहराबाहेर काढावेत. कोणी त्याच्यासाठी शोक केला तर फाशी. आणि तीन दिवस उत्सव. मृदंग पुन्हा सुरू होतो, भिंत पुन्हा गायला लागते, सगळे नाचतात, नानाही नाचतो.

शोकावरची ही बंदी मला पूर्वी केवळ क्रौर्याची परिसीमा वाटायची. आता ती मला नानाची अक्कल वाटते. रडणारा माणूस पुढे विचारतो की हा कसा घडला, कोणी याला कोतवाल केलं, त्याच्या बदल्यात काय घेतलं. एका घाशीरामसाठी कोणी रडलं तर माग काढत ते वाड्यापर्यंत येईल, हे नानाला ठाऊक आहे. म्हणून प्रेक्षागृहात ज्याचा घसा दाटतो तो त्या घटकेला नानाचा हुकूम मोडत असतो. त्या हुकमात गौरीचं नाव मात्र नाही. तिच्यासाठी शोक करायला बंदी घालावी लागेल, असं त्याच्या मनातही आलेलं नाही.